देणारीची घागर

फोनमधल्या हातोळीच्या नकाशावर पहिला लाल ठिपका उमटला तेव्हा स्वप्नाली रेडेकर भाकऱ्या करत होती. भाकरी फुगायच्या बेतात होती आणि ओट्यावरचा फोन थरथरत पुढे सरकत होता. दुसऱ्या कुणा बाईनं आधी भाकरी उलटली असती. स्वप्नालीनं आधी फोन बघितला, आणि भाकरी करपली.

"कुणाची टाकी रुसली आता?" ताटावर बसलेल्या धनाजीनं विचारलं. नवरा म्हणून पंधरा वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता, करपलेल्या भाकरीबद्दल तक्रार करायची नाही.

"तेल्यांची," ती म्हणाली आणि पिठाच्या हातानंच तिनं बादली उचलली.

ती बादली गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. पांढरी, वीस लिटरची, कडीला निळी चिंधी बांधलेली. रेडेकरणीची बादली दारात आली की टाकी बरी होते, असं आता आजऱ्याकडची माणसंही बोलायची. बाईला बसून राहणं माहीत नव्हतं. एका जागी दहा मिनिटं बसवलं तर अकराव्या मिनिटाला तिच्या पायांत मुंग्या यायच्या, आणि गोबरगॅसचा प्रचार करायला अशीच बाई लागते.

सिलिंडरची गाडी घाट उतरून यायची बंद झाली त्याला सहा वर्षं झाली होती. लाकूडफाट्याचं म्हणाल तर कोयता घेऊन रानात शिरलं की पाच मिनिटांत डोक्यावर ड्रोन यायचा आणि नाव-गाव विचारायचा. तेव्हा गावाला आधार होता तो टाकीचाच. पण टाकी म्हणजे काही यंत्र नव्हे. ते जमिनीत पुरलेलं म्हशीचं पोट आहे. आत हवा शिरत नाही. काही जिवाणू चोथा फोडतात, काही त्याचं आम्ल करतात, आणि शेवटचे ते आम्ल खाऊन गॅस सोडतात. तोच गॅस टाकीवरचा लोखंडी ड्रम वर उचलतो आणि नळीतून शेगडीला जातो. या पोटाला रोज तीन-चार जनावरांचं शेण लागायचं, थंडीत ते सुस्तावायचं, आणि ज्याच्या दारात एखादीच शेळी आहे त्यानं त्याचं नाव काढायचं नाही.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं शेकडो जातींमधून सात जाती निवडल्या. सातही कामसू. उसाचं पाचट त्या चार दिवसांत विरघळवायच्या आणि थंडीलाही दाद द्यायच्या नाहीत. एका शेळीच्या लेंड्या आणि दोन पेंढ्या पाचट, एवढ्यावर दोन वेळचा स्वयंपाक. करड्या भुकटीच्या पाकिटावर लांबलचक शास्त्रीय नाव छापलेलं होतं. बायकांनी त्याला विरजण म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं.

पुस्तिकेत लिहिलं होतं, दर टाकीला नवं, सीलबंद पाकीट. पण विरजण कधी कुणी विकत आणतं का? पाकिटं उशिरा यायची. स्वप्नालीनं एका टाकीत पाकीट सोडलं, ती टाकी उकळीला आली तसं त्यातलं बादलीभर शेजारच्या टाकीत ओतलं आणि तिथून पुढच्या. एका हिवाळ्यात एकशे अडतीस घरं झाली. प्रयोगशाळेनं तिला कोल्हापुरात बोलावून शाल दिली. मुख्य म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या टाक्यांत नवं विरजण गेलं, गाव शंभर टक्के झालं, म्हणून वस्तीवरच्या चौदा घरांना टाक्या फुकट मिळाल्या. त्या चौदा घरांत तोवर कधी निळी ज्योत पेटली नव्हती. चुली मग स्वप्नालीनं स्वतःच्या हातानं फोडल्या, एकेक करून.

तेल्यांच्या टाकीला नासक्या ताकासारखा आंबूस वास येत होता. स्वप्नालीनं बादलीभर स्लरी, म्हणजे आतला पातळ काला, उपसून बघितली, फेकली, बादली नळाखाली विसळली आणि आपल्या टाकीतली चांगली स्लरी आणून ओतली. एरवी एवढ्यानं भागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल्यांचा ठिपका लालच होता आणि शेजारचे दोन झाले होते. ती तिकडे पळाली. तिसऱ्या दिवशी नऊ, पाचव्या दिवशी एकतीस. ती जेवण विसरली, चुन्याच्या पिशव्या संपवल्या, आणि जिथं जाईल तिथं बादली घेऊन गेली. आठव्या दिवशी सकाळी तिच्या स्वतःच्या घराचा ठिपका लाल झाला, आणि त्याला चिकटून असलेला "रेडेकर शालन" हा ठिपकाही त्याच मिनिटाला.

तो दुसरा ठिपका खोटा होता. ते फक्त स्वप्नालीला माहीत होतं.

प्रयोगशाळेच्या डॉ. केतकी बेहेरेंचा फोन आला तेव्हा ती अंगणात येरझारा घालत होती. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात विषाणू सापडलाय," त्या म्हणाल्या. "माणसाला काही करत नाही. जिवाणूंना खातो. आपल्या सातातली एक जात त्यानं खाल्ली की आम्ल साचतं आणि बाकीच्या सहा त्यात मरतात. सगळ्या शिवारात एकाच वाणाचा ऊस लावला आणि तांबेरा आला, तर काय होतं?"

"पण आला कुठनं?"

"तो निसर्गात असतोच, ओढ्यात, मातीत. मला कोडं पडलंय ते वेगळंच. टाक्या तर बंदिस्त. मग आठ दिवसांत हा घरोघर फिरला कसा? तुम्ही दुरुस्तीला जाता तेव्हा बादली कोणती वापरता?"

स्वप्नालीनं बादलीकडे बघितलं. निळी चिंधी वाऱ्यानं हलत होती.

"एकच," ती म्हणाली. "धुते मी."

बेहेरेबाई हळूच म्हणाल्या, "पाण्यानं तो जात नाही हो. उकळतं पाणी लागतं."

म्हणजे तेल्यांच्या घरातला रोग तिनं स्वतः, रोज, नेमानं, गावभर दारोदारी नेऊन ओतला होता. आणि घरोघर चहा प्याली होती.

पुढचं बोलणं तिनं अर्धवटच ऐकलं. तेच विरजण पुन्हा टाकून उपयोग नव्हता, विषाणू टाकीत टपून बसला होता. नवीन जाती शोधायला चार महिने. ताज्या शेणावर टाकी धरते, पण थंडीत अडीच-तीन महिने लागतात, आणि गावात म्हशी उरल्या होत्या अकरा. "एखादी जुनी टाकी असती तर," बाई म्हणाल्या. "पूर्वीची, मिश्र जिवाणूंची. तिच्यात शेकडो जाती असतात. एक मेली तर दुसरी तिचं काम उचलते. आहे का गावात?"

"नाही," स्वप्नाली म्हणाली. "शंभर टक्के केलं होतं ना मी."

दुपारी ती वस्तीवर गेली. बादली घरी ठेवून गेली, आणि रिकामे हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. रोहित कांबळेची बायको निकिता अकरा दिवसांची बाळंतीण होती. बाईला पाणी तापवायला घरात विस्तव नाही, ही गोष्ट स्वप्नालीला सकाळपासून पोखरत होती. पण निकिताच्या मोरीत पितळी हंडा वाफा सोडत होता.

"कुठनं आणलंस?"

"शालनमावशी देत्यात की. सकाळ-संध्याकाळ. हे जाऊन आणत्यात." निकितानं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "त्यांची शेगडी चालू हाय. तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? तुमच्याच भिंतीला भीत हाय की."

स्वप्नाली परत आली ती जवळजवळ पळतच.

शालन तिची मोठी जाऊ. दोन घरांत एक भिंत, दोन गोठ्यांत एक आड, आणि तीन वर्षांत दोघींत एक शब्द नाही. दीर गेल्यावर शालननं घर एकटीनं चालवलं, तीन म्हशी ठेवल्या, आणि सासऱ्यांच्या हातची विटांची टाकी तशीच सांभाळली. नवं विरजण टाकायला ती एकटीच काय ती नाही म्हणाली होती. तिच्या एका नाहीपायी वस्तीच्या चौदा टाक्या अडल्या. मग शालन आपल्या लेकीच्या, पूनमच्या, बाळंतपणाला गडहिंग्लजला गेली आणि स्वप्नालीनं चार मजूर लावून ती टाकी उपसली, आत पाकीट सोडलं. शालन परत आल्यावर स्वप्नाली तिला म्हणाली, "टाकीला तडा गेला होता आक्का, म्हणून उपसावी लागली."

शालननं टाकीतलं, फोनवर ठिपका दाखवणारं मोजमापाचं यंत्र उपटलं आणि भिंतीवरून देऊन टाकलं. स्वप्नालीनं ते आपल्याच टाकीत सोडलं. एका टाकीचे दोन हिरवे ठिपके झाले आणि गाव शंभर टक्के राहिलं. पण त्या दिवसापासून भिंतीवरून दह्याचं विरजण येणं बंद झालं. हातोळीत विरजण मागितलं तर वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. शालन नाही म्हणाली नव्हती. स्वप्नालीलाच पुन्हा मागायला तोंड राहिलं नव्हतं.

आता तिनं टाचा उंचावून भिंतीपलीकडे बघितलं. शालनच्या टाकीवरचा ड्रम छातीइतका वर आला होता. तो तसा रोजच असणार. पण आत आपलंच विरजण आहे अशा समजुतीत तिनं तिकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

सवयीनं तिनं बादली उचलली आणि पलीकडच्या अंगणात गेली.

शालन कुंडीत शेण कालवत होती. कोपरापर्यंत हात भरलेले, पदर खोचलेला. तिनं मान वर केली नाही. "ती बादली फाटकाभाईर ठेव," ती म्हणाली.

स्वप्नालीनं बाहेर ठेवली. "तुम्हाला कोण बोललं बादलीचं?"

"कोन बोलाय पायजे? आठ दिस बगतीया की मी. जितं तुजी बादली जातीया, त्येची शेगडी दुसऱ्या दिशी इजतीया. एवडं कळाय साळंत जावं लागतंय व्हय?"

"मग सांगितलं का न्हाई आक्का?"

"तू कदी बसून ऐकलंस कुणाचं?"

स्वप्नाली कुंडीच्या कठड्यावर बसली. तिचा फोन कमरेला थरथरत होता. तिनं तो बघितला नाही, पण हात तिथं जाऊन परत आला.

"ही टाकी जुनी कशी? आत तर मी..." ती थांबली.

"तू काय?" शालननं आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "बोल की. तडा गेलावता, न्हवं?"

म्हशीनं शेपटी झटकली. रस्त्यानं कुणीतरी सायकल ढकलत गेलं. स्वप्नालीला वाटलं उठावं आणि दुसरं काहीतरी काम करावं, कुठलंही.

"तडा नव्हता," ती म्हणाली. "मी मुद्दाम उपसली. वस्तीच्या चौदा घरांना टाक्या मिळत नव्हत्या. तुमचं एक घर अडत होतं."

"मला इचारलं असतंस तर म्या व्हय म्हनले असते?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणून विचारलं न्हाई." तिनं कठड्यावरचं वाळलं शेण नखानं खरवडलं. "आणि खोटं बोलले. तीन वर्षं रोज भिंतीकडं पाठ करून भांडी घासली आक्का. लाज वाटत होती."

शालननं शेणाचा गोळा बोटांनी फोडला, त्यातली काडी काढून टाकली.

"पूनमचं लगीन झालं तवा," ती म्हणाली, "सासरी नवी टाकी बांदलीवती त्येंनी. ह्या टाकीतल्या दोन घागरी बरूबर दिल्यावत्या म्या. म्हायेरचं इरजान. तू हिकडं उपसलीस, पन लेकीकडं व्हतंच की. तू कोलापूरला शाल घ्याय गेलीवतीस, त्या दिशी जावई टेंपोत चार पिंपं घिऊन आला. तुजं सगळं काडून टाकलं आन आमचं घाटलं."

शाल घेऊन परतल्यावर बोळात टेंपोच्या चाकांचे ओरखडे दिसले होते, ते स्वप्नालीला आठवलं. आपल्या सत्काराला गाडी आली होती वाटतं, असं ती तेव्हा धनाजीला म्हणाली होती.

"द्याल का आक्का?" तिनं विचारलं. "मला न्हाई. गावाला."

"इरजान न्हाई म्हनू न्हाई," शालन म्हणाली. "पन रीत ठावं हाय न्हवं? घेनारीनं आपलं भांडं आनायचं न्हाई. देनारी आपल्या भांड्यातनं देती. का, म्हाईत हाय?"

लहानपणापासून स्वप्नालीनं ते पाहिलं होतं. देणारीची वाटी, आणि ती रिकामी परत करायची नाही. ती तर मानाची गोष्ट, असंच तिला वाटायचं.

"सासूबाई म्हनायच्या, दुसऱ्याच्या वाटीचं खरकाटं आपल्या दह्याला लागलं की दही नासतंय. वाटी आपली असली की आपलं आपल्याला ठावं आस्तंय." शालन उठली, तिनं आडावर हात धुतले. "तुजी एक बादली सगळ्या गावाच्या दह्यातनं फिरली, बाई."

ती आत गेली आणि तांब्याच्या दोन घागरी घेऊन आली. शेगडीवर पाणी ठेवलं, उकळू दिलं, घागरी आतून-बाहेरून त्यात खळखळून धुतल्या.

"पयल्या घागरी वस्तीवर," ती म्हणाली. "ज्येंच्यासाटी माजी टाकी उपसलीस, त्येंच्याकडं. आन तुजी टाकी सगळ्यात शेवटी."

"चालेल," स्वप्नाली म्हणाली.

"आदी परतेक दारात जाऊन सांग, रोग कुनी आनला. इरजान मागनारनीनं खरं बोलायचं आस्तंय."

ती गेली. फोनवर सगळ्यांना एकदम सांगता आलं असतं, तसं तिच्या मनातही आलं, पण ती चालत गेली. तेलीणकाकू ऐकून घेऊन म्हणाल्या, "आगं, तू मुद्दाम केलंस व्हय?" आणि चहा ठेवायला उठल्या, मग शेगडी बंद आहे हे आठवून परत बसल्या. ते स्वप्नालीला शिव्यांपेक्षा जड गेलं. शिव्याही मिळाल्याच. एका घरानं दार लावून घेतलं. निकिताचा सासरा म्हणाला, टाकी तूच दिलीस, तूच मारलीस, आता आम्ही तुला काय म्हणायचं ते तूच सांग. पाय दुखेपर्यंत ती फिरली आणि पहिल्यांदाच तिला त्या पायांचा कंटाळा आला.

गावानं टाक्या उपसल्या, चुना फासून उन्हात वाळवल्या. शालनची टाकी रोज देऊन देऊन किती देणार? दोन दिवसांआड चार घागरी. ज्या टाक्या धरल्या त्यांनी पुढच्यांना द्यायचं, प्रत्येकीनं आपल्या भांड्यातून, उकळत्या पाण्यानं धुऊन. स्वप्नाली नुसती यादी घेऊन सोबत फिरायची, भांड्याला हात लावायची नाही.

मधल्या काळात धनाजी निर्लज्जपणे वहिनीकडे जेवायला जाऊ लागला. स्वप्नाली दही-पोहे खाऊन राहायची, आणि दही विकतचं.

पंधरा दिवसांनी डॉ. बेहेरे स्वतः आल्या, काचेच्या निर्जंतुक बाटल्या घेऊन. शालननं बाटल्या बाजूला सारल्या आणि आपल्या तांब्यात स्लरी दिली. बाईंनी ती हसत घेतली. "यातल्या नऊ उत्तम जाती आम्ही निवडू," त्या म्हणाल्या. "मग असा रोग आला तरी..."

"आन ऱ्हायलेल्यांचं काय?"

"बाकीच्या फारसं काम करत नाहीत, आजी. आयतं खातात."

"खाऊ द्यात की," शालन म्हणाली. "घरात सगळीच कमावती नसत्यात. येळ आली की त्यातलंच कोन तरी उटतंय."

गाडीत बसण्यापूर्वी बेहेरेबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि स्वप्नालीनं त्यांच्या हातात शालनच्या नावाचं यंत्र परत दिलं. ते कुठल्या टाकीत बुडवलं होतं तेही सांगितलं.

स्वप्नालीच्या टाकीची पाळी आली तेव्हा थंडी सरली होती आणि आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. शालन भिंतीवरून घागर देत म्हणाली, "गळ्याला धर. गरम हाय अजून." स्वप्नालीनं ती टाकीत ओतली, घासून लख्ख केली आणि घरात आणून ठेवली. रिकामी परत द्यायची नाही. पण हिच्यात घालायचं काय, तेच तिला सुचेना. तांदूळ घातले, काढले. गूळ घातला, काढला. एकीकडे दिवसातून चाळीस वेळा ती फोनवर आपला ठिपका बघायची. तो करडाच. जुनं विरजण सावकाश धरतं, फोन बघून ते घाई करत नाही. विसाव्या दिवशी तिनं धनाजीला विचारलं, मेलं की काय हे? तो म्हणाला, तू जरा झोप.

बाविसाव्या दिवशी सकाळी ठिपका हिरवा झाला. ती तशीच भिंतीकडे धावली. "आक्का, धरली. टाकी धरली."

शालन धार काढत होती. "काल दुपारीच ड्रम दोन बोटं उचललाय," ती म्हणाली. "तुला दिसला न्हाई व्हय?"

स्वप्नालीनं वळून आपल्या टाकीकडे बघितलं. ड्रमवरची जुनी गंजाची रेघ विटांच्या वर आली होती. कालपासून ती तशीच वर असणार.

तिनं शेगडी पेटवली. ज्योत आधी फडफडली, मग निळी होऊन बसली. तिनं त्यावर पाणी तापवलं, घागरीत ओतलं आणि पदरानं धरून पलीकडे नेऊन शालनच्या मोरीत ठेवलं.

"पानी?" शालननं विचारलं. "माज्याकडं काय पान्याला तोटा हाय?"

"आज तुम्ही तापवू नका. एवढंच."

शालननं घागरीवर तळवा ठेवून बघितला आणि काढून घेतला. मग धारेची चरवी उचलून तिनं आपल्या जावेच्या हातात दिली. दूध कोमट होतं, त्यावर फेस होता.

"घिऊन जा. सांजच्याला तापवून लाव," ती म्हणाली. "इरजान हाय घरात?"

फोन कमरेला थरथरत होता, गावातून कुणीतरी बोलावत असणार. स्वप्नालीनं तो थरथरू दिला.

"न्हाई," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, न्हाई."

"थांब मग," म्हणून शालन वाटी आणायला आत गेली, आणि स्वप्नाली थांबली.